पाचकमानीची डावी कड

हनीफभाई सकाळी साडेदहाला कचेरीत येत तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्टीलची सहा इंची पट्टी असे. आल्या आल्या ते कुणाशी बोलत नसत. त्या दिवशीचा अंक टेबलावर पसरायचा, आपला फोटो शोधायचा आणि त्यावर आडवी-उभी पट्टी ठेवायची, हे त्यांचे पहिले काम. मूळ फोटो त्यांना तोंडपाठ असे. छापलेल्या फोटोत काय उरले त्यावरून काय गेले हे ते काढत आणि समासात पेन्सिलीने लिहीत, 'डावीकडून दीड इंच. वरून पाव.' मग अंकाची चौघडी घालून तो माझ्या टेबलावर ठेवत आणि चहाला जात. मला ती बरीच वर्षे तक्रार वाटत राहिली.

कापणारा मी होतो. आमच्या दैनिकात पूर्वी फोटोवर खुणा करून तो छपाईच्या प्लेट बनवणाऱ्या प्रोसेस विभागाकडे पाठवण्याची पद्धत होती. एकदा तिथल्या माणसाने खुणा उलट वाचल्या आणि एका मंत्र्याचे डोके उडाले. तेव्हापासून वृत्तसंपादकांनी नियम केला की, नको असलेला भाग उपसंपादकाने टेबलावरच ब्लेडने कापून टाकायचा. मी नियम पाळला. फोटो काढायचा ब्रोमाइड कागद कचेरी मोजून देत असल्याने एका फोटोची एकच प्रत निघे. कापलेला तुकडा टोपलीत जाई, उरलेला फोटो छपाईनंतर संदर्भ विभागाच्या खाकी पाकिटात.

हनीफभाई उंच होते आणि किंचित वाकून चालत. दोन खिशांचा पांढरा शर्ट, खांद्याला रेक्झिनची बॅग, आणि एक जुनी स्कूटर, जी उभी करताना ते तिच्याशी काहीतरी बोलत. त्यांच्या वडिलांनी पोलीस ॲक्शननंतर शहागंजाजवळ स्टुडिओ काढला होता. नव्या राजवटीत कशालाही अर्ज करायचा म्हटले की फोटो लागे, त्यामुळे धंदा बरा चालला. 'अब्बांनी जिंदगीभर चेहरे काढले,' हनीफभाई सांगत, 'मधोमध. कान दोन्ही दिसले पाहिजेत, बस. मला त्याचा लई कंटाळा आला.' स्टुडिओ धाकटा भाऊ युनूस याच्याकडे सोडून ते वर्तमानपत्रात आले. तिथेही त्यांना मधोमधच मागितले जाई. वृत्तसंपादकांचा ठरलेला प्रश्न होता, 'फोटोत माणूस कुठंय?' हनीफभाईंचे उत्तरही ठरलेले होते. 'माणूस आत्ताच करून गेला, साहेब. त्यानं काय केलं ते बघा.'

माणसांनी आणि झाडांनी हळूहळू व्यापलेल्या जागा हा त्यांचा विषय होता. तो त्यांना कुणी दिला नव्हता आणि कचेरीला तो नको होता. दोन विटांवर फळी ठेवून सुरू झालेली टपरी, दुसऱ्या वर्षी तिच्यावर आलेला पत्रा, चौथ्या वर्षी आलेले शटर, हे सगळे ते एकाच जागी उभे राहून टिपत. दौलताबादच्या तटाच्या सांध्यातून निघालेला पिंपळ ते दर उन्हाळ्यात टिपत. वाळूजच्या माळावर कारखाने आले, त्यांच्या कुंपणांच्या आधी तिथे गाजरगवत पोचले होते, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते दाखवायला त्यांच्याकडे फोटो होते. 'मधे जे असतं ते सगळ्यांनाच दिसतं,' ते म्हणत. 'कब्जा कडंनं येतो. कडंला बघायचं तर मान वळवावी लागते, म्हणून कुणी बघत नाय.'

यातले पाचकमान सर्वांत जुने. दौलताबादच्या रस्त्यावर आत वळल्यावर एक लहान तळे होते. त्याच्या उजव्या अंगाला जुन्या बांधकामाच्या पाच कमानी उभ्या होत्या आणि डावीकडे लांबवर पाणी पसरून दगडी पायऱ्यांना टेकत असे. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, आसपासचे शेतकरी तिथे बैल धुवायला आणत. पोळ्याच्या अंकाला बैलांचा फोटो लागे, म्हणून हनीफभाईंना पहिल्यांदा तिथे पाठवले गेले. ते एका सपाट दगडावर उभे राहिले. पुढच्या वर्षी त्याच दगडावर, त्याच लेन्सने. कचेरीला वाटे, ते बैलांचा फोटो आणतात. ते डाव्या काठाचा आणत होते.

तिसऱ्या वर्षी पायऱ्यांशी बेशरम दिसली. निळसर-गुलाबी फुलांची, कुठेही रुजणारी, गुरे तोंड न लावणारी. हनीफभाईंनी ओला फोटो माझ्यासमोर धरून डाव्या कोपऱ्यात बोट ठेवले. मी पाहिले नाही. मला दोन कॉलमांत बैल आणि कमानी बसवायच्या होत्या आणि डावीकडे नुसते पाणी होते. आमच्या भाषेत रिकामी जागा. मी दीड इंच कापला.

सातव्या की आठव्या वर्षी जलपर्णी आली. त्या वर्षी बैल पाण्यात उतरलेच नाहीत; काठावर बादल्यांनी धुतले गेले. हनीफभाईंनी एक वेगळा फोटो आणला, फक्त पाण्याचा. पाणी कुठेच दिसत नव्हते. सगळीकडे हिरवी पाने आणि वर जांभळे तुरे. रविवार पुरवणीला रंगीत पान नुकतेच सुरू झाले होते. संपादकांना फोटो आवडला, खालची ओळ लिहायला माझ्याकडे आला आणि मी लिहिले, 'तळ्याने पांघरली जांभळी शाल'. सोमवारी हनीफभाईंनी पट्टी काढलीच नाही. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

'साळुंके, मी तुला चोराचा फोटो दिला. तू त्यालाच शाल पांघरलीस.'

मी म्हणालो, वाचकांची पत्रे आली आहेत, लोक विचारताहेत ही जागा कुठे आहे.

'विचारणारच. पुढच्या रविवारी जातील, त्या फुलांत बायको उभी करून फोटो काढतील.' मग आवाज खाली आणून ते म्हणाले, 'आधी बेशरम येते, मग जलपर्णी, मग ट्रक. पाणी दिसंना झालं की पाण्याला वारस राहत नाय. लिहून ठेव.'

मी लिहून ठेवले नाही. ट्रकचे मला अतिशयोक्तीचे वाटले.

एकदाच त्यांच्या विषयाला कचेरीत जागा मिळाली. नवे संपादक आले होते. त्यांनी हनीफभाईंचे जुने फोटो पाहिले, जागेचा आधीचा आणि आताचा असे जोडीने छापायचे ठरवले आणि मालिकेला नाव दिले 'आक्रमण'. पानावर हनीफभाईंचे नाव ठळक जाणार होते. ते पहिल्यांदाच काही मागायला माझ्या टेबलाशी आले आणि उभ्यानेच बोलले. नाव बदलता येईल का, असे त्यांनी विचारले. मी कारण विचारले.

'या शहरात तो शब्द माझ्या नावाशेजारी छापशील? लोक फोटो बघणार नाय. नाव बघतील आणि पान उलटतील. नायतर कापून ठेवतील.'

मी संपादकांना सांगितले की शब्द मथळ्यात बसत नाही. मालिका 'शिरकाव' या नावाने निघाली. पाच भाग आले. सहाव्या भागात एका मंगल कार्यालयाने रस्त्याकडेला घेतलेली दहा फूट जागा होती आणि त्या कार्यालयाची जाहिरात दर आठवड्याला आमच्याकडे असे. सहावा भाग जागेअभावी मागे पडला. सातवा मागितला गेला नाही.  पुढच्या महिन्यात हनीफभाई एका बँकेच्या शाखेच्या उद्घाटनाचा फोटो घेऊन आले. मधोमध फीत कापणारे पाहुणे, दोन्ही कान दिसत होते.

हा माणूस स्वतःच्या घरी मात्र वेगळा होता. जुन्या वस्तीत वडिलांचे घर होते. पुढच्या भागात युनूस, मागच्या भागात हनीफभाई आणि मध्ये सामाईक अंगण. हनीफभाईंची डार्करूम मागच्या खोलीत होती आणि तिची एकुलती खिडकी अंगणात उघडे. युनूसने एका वर्षी अंगणात मोटरसायकलसाठी पत्रे टाकले. पुढच्या वर्षी पत्र्यांना भिंती आल्या. त्यानंतर तिथे न्हाणीघर झाले आणि त्याची भिंत डार्करूमच्या खिडकीला लागून उभी राहिली. खिडकी कायमची बंद झाली. मी तेव्हा त्यांच्याकडे बसलो होतो आणि सहज म्हणालो की याचाही फोटो काढून ठेवा. भाभी चहा घेऊन येत होत्या. त्या उंबऱ्यातच थांबल्या.

'सारे शहर के ओटे गिनते फिरते ये. अपना आंगन गया तो इनको दिखा नै.'

हनीफभाई बशीत चहा ओतत राहिले. मग म्हणाले, 'भावाचा फोटो काढायचा का आता? अब्बांच्या नंतर मोठा मीच आहे.' विषय तिथे संपला. मला ती उदारता वाटली. आज तिला दुसरे नाव द्यावे लागते.

ट्रक आले तेव्हा बातमी काशिनाथने आणली. काशिनाथची पेरूची बाग पाचकमानीच्या खालच्या अंगाला होती. खांदेमळणीला हनीफभाईंच्या फोटोत त्याचे बैल सोळा वर्षे होते. तो कचेरीत आला, चपला दाराबाहेर काढल्या आणि हनीफभाई कुठे आहेत विचारले.

'भाई, तळ्यात ट्रक उतरलेत. दोन दिस झालं मुरूम टाकायलेत. पायऱ्यांकडून बुजवत येतेत. मी म्हणलं, हे काय चाललंय, तर म्हणले हे तळं नायच, ही मालकाची पड जमीन हाय. माझ्या हिरीला पाणी त्या तळ्याचंच हाय ना. तळं गेलं की बाग गेली.'

डाव्या अंगाची जमीन एका बांधकाम व्यावसायिकाने घेतली होती. त्याचे म्हणणे सरळ होते. कमानींपुरते पाणी आहे, ते राहू द्या. कमानींच्या डावीकडे पाणी कधी नव्हतेच, ते चार पावसाळ्यांत साचलेले डबके. निजामी दप्तरात तळ्याचा उल्लेख होता. तो उर्दू कागद हनीफभाईंनी स्वतः वाचून काशिनाथला समजावला. पण त्यात तळे आहे इतकेच होते, ते कुठून कुठवर हे लिहिलेले पान जोडलेले नव्हते. आकाशातून काढलेले नकाशे तेव्हा कुणाच्या खिशातल्या फोनवर नव्हते. गावातल्या माणसांची साक्ष होती, पण त्यातल्या प्रत्येकाची विहीर तळ्याखाली होती, म्हणजे प्रत्येकाचा स्वार्थ होता. काशिनाथने प्रांत कार्यालयात हरकतीचा अर्ज केला. सुनावणीत प्रश्न एकच राहिला : डावीकडे पायऱ्यांपर्यंत पाणी होते हे कशावरून.

हनीफभाईंनी काशिनाथला सांगितले, 'घाबरू नको. सोळा वर्षांचं पाणी माझ्याकडं डब्यात हाय.' त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा खूश पाहिले. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे कुणी डावी कड मागितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत घरी गेलो. निगेटिव्ह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत होत्या, प्रत्येक डब्यावर वर्षाची चिठ्ठी. डबे मागच्या खोलीतल्या कपाटात, न्हाणीघराच्या भिंतीला लागून. कपाटाचे दार ओढावे लागले. पहिला डबा उघडताच ओल्या गोणपाटाचा वास आला. पट्ट्या एकमेकींना चिकटून त्यांची वीट झाली होती. हनीफभाईंनी एक पट्टी हलक्या हाताने सोडवली आणि दिव्यासमोर धरली. बैलांवरून, पाण्यावरून, काठावरून बुरशीचे बारीक पांढरे फाटे गेले होते, एकातून दुसरा निघालेले. बाकीच्या पट्ट्या त्यांनी थाळीत पाण्यात सोडल्या. तासाभराने वरचा थर सुटून पाण्यावर तरंगू लागला. त्यांनी सोळाही डबे उघडले. एकही फ्रेम हाती लागली नाही.

भाभी दारात उभ्या होत्या. 'मैं बोली थी, दीवार पसीज रही. आप बोले, युनूस को बुरा लगेगा.'

 थाळीतले पाणी ओतायला हनीफभाई न्हाणीघराकडे निघाले आणि मधेच थांबले. मग ते पाणी त्यांनी बाहेर रस्त्यावर नेऊन ओतले. युनूस त्या वेळी घरातच होता. त्याला ते कधी काही बोलले नाहीत. मी नंतर एकदा विचारले तेव्हा म्हणाले, 'त्याला काय माहीत भिंतीपलीकडं काय ठेवलंय. मला माहीत होतं.'

उरले होते कचेरीतले फोटो. मी संदर्भ विभागातून 'पोळा' लिहिलेले खाकी पाकीट काढले आणि टेबलावर ओतले. सोळापैकी चौदा निघाले. फोटो स्वच्छ होते, कडक, बुरशीचा ठिपका नाही. चौदांमध्ये काशिनाथचे बैल होते, कमानी होत्या, कमानींपुरते पाणी होते. चौदाही डावीकडून कापलेले होते. पुरवणीतल्या जांभळ्या फोटोत नुसती पाने आणि तुरे होते, जागा ओळखावी असे काही नव्हते. कापाची रेघ सरळ होती. माझा हात त्या काळी चांगला होता. हनीफभाईंनी एकेक फोटो उचलून पाहिला आणि पुन्हा पाकिटात घातला. त्यांनी मला एक शब्द ऐकवला असता तर बरे झाले असते.

सुनावणी तीनदा पुढे गेली. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा वकील आजारी, एकदा फाइल सापडली नाही. दरम्यान मुरूम पडत राहिला. चौथ्या तारखेला काशिनाथ, हनीफभाई आणि मी असे तिघे गेलो. हनीफभाईंनी फोटो दिले आणि सांगितले की ते मोठ्या फोटोचे तुकडे आहेत, डावीकडचा भाग कचेरीत कापला गेला. ज्यांवर त्यांनी पेन्सिलीने 'डावीकडून दीड इंच' लिहिले होते त्यांतले माझ्या खणात सापडले तेवढे जुने अंकही दिले. समोरच्या वकिलांनी अंक पाहून मान हलवली.

'साहेब, दीड इंच कापला हे आम्हाला मान्य. त्या दीड इंचात पाणी होतं की माळ होता, ते यात कुठंय?'

अधिकारी सभ्य माणूस होता. त्याने विचारले, कापले कोणी. मी उभा राहिलो. नाव सांगितले, पद सांगितले, पद्धत सांगितली. त्याने फोटो माझ्यापुढे सरकवला.

'तुम्ही कापण्याआधी पूर्ण फोटो पाहिला होता. डावीकडे काय होतं, शपथेवर सांगा.'

काशिनाथ माझ्याकडे पाहत होता. हनीफभाईंचे डोळे टेबलावर होते. पाणी होते हे मला माहीत होते. हनीफभाईंनी शंभरदा सांगितले होते, काशिनाथने सांगितले होते, मी स्वतः एकदोनदा तिथून गेलोही होतो. पण प्रश्न तो नव्हता. त्या फोटोत, त्या वर्षी, त्या कडेला मी काय पाहिले, हा प्रश्न होता. चौदा फोटो माझ्या हातून गेले होते आणि ब्लेड ठेवताना माझी नजर दरवेळी उजवीकडे होती, बैल कापले जाऊ नयेत म्हणून. आमच्या धंद्यात ऐकलेले आणि पाहिलेले यांत फरक करायला शिकवतात. मी त्यात पक्का होतो.

'मला सांगता येणार नाही,' मी म्हणालो. 'मी तिकडे पाहिले नव्हते.'

वकिलांनी आभार मानले. महिन्याभराने अर्ज फेटाळल्याचा कागद आला. पुराव्याअभावी, असा शेरा होता.

कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना काशिनाथ पुढे निघून गेला. हनीफभाईंनी स्कूटर काढली. किक मारण्याआधी म्हणाले, 'खरं बोललास, बरं केलंस. खोटं बोलला असतास तर मला आवडलं नसतं. पण साळुंके, सोळा वर्षं मी फोटो तुझ्या नाकापुढं धरत होतो. एकदा बघितला असतास तर आज तुझं खरं आमच्या कामाला आलं असतं.'

 दुसऱ्या दिवशीपासून मी ब्लेड वापरणे बंद केले. त्याचा कुणाला उपयोग नव्हता. वर्षभरात संगणक आले आणि ब्लेड सगळ्यांचेच सुटले.

तळ्याच्या डाव्या भागात बैठ्या घरांची रांग झाली. काशिनाथची विहीर दोन उन्हाळ्यांत आटली. त्याने पेरू तोडले आणि बजाजनगरला खोली घेऊन एका कारखान्यात पहारेकरी झाला. हनीफभाई निवृत्त झाले, तरी खांदेमळणीला स्कूटर काढत. बैल येत नसत. सपाट दगड एका घराच्या अंगणात गेला होता. त्या घरातल्या बाईंना विचारून ते त्यावर उभे राहत आणि समोरच्या घरांचा फोटो काढत. पहिल्या वर्षी त्या बाईंना संशय आला. दुसऱ्या वर्षी त्यांनी चहा दिला. त्यांचे नाव सुनंदाताई. नवरा चितेगावच्या कारखान्यात कामाला, दोन मुली. दरवर्षी कशाचा फोटो काढता, हे त्यांनी विचारले तेव्हा हनीफभाई म्हणाले, सवय आहे.

मग एका वर्षी परतीचा पाऊस दोन दिवस थांबला नाही. सकाळी त्यांचा फोन आला. 'ये. बघायला ये.' मी गेलो. घरांच्या रांगेत कमरेइतके पाणी होते. ते आले होते आणि एका ठिकाणी थांबले होते. शेवटच्या घराच्या मागे, मुरुमाखालून उघड्या पडलेल्या दोन दगडी पायऱ्यांना ते टेकले होते आणि तिथून पुढे कोरडे होते. उजवीकडे कमानी, समोर पाणी, डावीकडे पायऱ्या. हनीफभाई सुनंदाताईंच्या अंगणातल्या दगडावर, गुडघाभर पाण्यात उभे राहून फोटो काढत होते. त्यांचा नवा छोटा डिजिटल कॅमेरा होता. त्यांनी पडद्यावर मला फोटो दाखवला आणि मी तो पूर्ण पाहिला.

मला राहवले नाही. तलाठी पंचनाम्याला आले होते. मी म्हणालो, 'भाई, आता सांगा त्यांना. पुरावा पायाखाली आहे.'

सुनंदाताई गाद्या माळ्यावर टाकत होत्या. हनीफभाईंनी त्यांच्याकडे हनुवटीने खूण केली. 'कुणाला सांगू? हिनं घर घेतलंय. तळं घेतलंय, हे हिला कुणी सांगितलं नाय.' मग कॅमेरा गळ्यात टाकून ते आत गेले, शिधापत्रिकेची पिशवी वर ठेवली आणि भिजलेल्या पिठाच्या डब्याचा फोटो काढला, भरपाईच्या अर्जाला जोडायला. पंचनाम्यात 'सखल भागात पाणी साचले' असे लिहिले गेले.

वर्षभराने त्या घरांना नोटिसा आल्या. बांधकाम जलस्रोताच्या हद्दीत आहे काय याची चौकशी होणार होती आणि कुणाकडे जुना-नवा पुरावा असल्यास सादर करावा, असे आवाहन वर्तमानपत्रांतून झाले. ते आमच्याही अंकात आले, मीच लावले. घरे विकणाऱ्याची कंपनी कधीच बंद झाली होती, दिलेल्या पत्त्यावर कुणी नव्हते. नोटीस सुनंदाताईंच्या नावे होती.

त्या आठवड्यात हनीफभाई कचेरीत आले. जिना चढायला त्यांना त्रास झाला होता. छातीचे दुखणे तेव्हा सुरू झाले होते. त्यांनी पाकीट माझ्या टेबलावर ठेवले. आत पुराच्या दिवसाचा फोटो होता, मोठ्या कागदावर छापलेला, कमानींपासून पायऱ्यांपर्यंत. मला वाटले, अखेर छापायला आणला. मी पहिल्या पानाचा विचार करू लागलो होतो.

'हा तुझ्याकडं ठेव,' ते म्हणाले. 'माझ्या घरी भिंत ओली हाय.'

छापायचा का, मी विचारले.

'ज्याला दाखवायचा होता तो पैसे घेऊन गेला. आता दाखवला तर घर तिचं पडंल.' मग पाकीट माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, 'पण फाडू पण नको. खरा हाय तो.'

तीन महिन्यांनी ते गेले. जनाज्याला युनूस पुढे होता, काशिनाथ ड्यूटीच्या खाकी शर्टातच आला होता. चौकशी पुराव्याअभावी रेंगाळली आणि नंतर थांबली. सुनंदाताईंचे घर उभे आहे. दर मोठ्या पावसात त्यांच्याकडे पाणी शिरते आणि त्या गाद्या माळ्यावर टाकतात. फोटो माझ्याकडे आहे. तो मी छापलेला नाही आणि फाडलेलाही नाही.